अनुमोदकाच्या रकान्यातलं नाव

माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात त्याचा संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. नोकरीची तीस वर्षं मी याच अक्षराच्या जिवावर काढली. पनवेलपासून एसटीने तासाभरावर एक लहान नगरपालिका आहे, तिथे मी सभा लिपिक होतो. गावाचं नाव सांगत नाही. जे झालं ते गावामुळे नाही, माझ्यामुळे झालं. राहायला मात्र पहिल्यापासून पनवेललाच, उरण नाक्याजवळ. सकाळची गाडी धरून जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं.

सभा लिपिकाने नगरसेवकांच्या सभेची विषयपत्रिका काढायची, सभेत कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची आणि मागाहून इतिवृत्ताच्या जाडजूड वहीत सगळं शुद्ध भाषेत उतरवायचं. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. ठराव मांडतो तो सूचक, त्याला पाठिंबा देतो तो अनुमोदक. नियम असा. आमच्या सभेत कोणी काही मांडतबिंडत नसे. नगराध्यक्ष विषय वाचायचे, पुढच्या रांगेतले चार जण "मंजूर, मंजूर" म्हणायचे, बाकीचे वड्यांच्या बशा कधी येतात ते बघत बसायचे. मग ठरावाखाली नावं कोणाची घालायची? ती मी ठरवायचो.

त्यातही माझी एक पद्धत होती. माझ्याआधीचा लिपिक नगराध्यक्षांच्या मर्जीतल्या दोघांचीच नावं सगळीकडे ठोकून द्यायचा. बाकीचे सदस्य नाराज व्हायचे, कारण पुढच्या निवडणुकीच्या पत्रकात 'मी अमुक ठराव मांडले' असं छापायचं असतं. मी आल्यावर शंभर पानी वही घातली. डावीकडे सदस्यांची नावं, पुढे सूचक आणि अनुमोदक असे दोन रकाने. ज्याचं नाव लागलं त्याच्यापुढे लाल पेनाने खूण करायची. सत्ताधारी असो की विरोधक, सगळ्यांना सारखं. पंगतीत कोणाचं पान रिकामं राहू नये, तसं माझं लक्ष असायचं. एका मुख्याधिकाऱ्यांनी ती वही बघून मला शाबासकी दिली होती, आणि ती शाबासकी मी घरी दोनदा सांगितली होती. त्या वहीचा मला अभिमान होता. आता हे लिहिताना कान गरम होतात, पण होता.

निवडणुका झाल्या की आजूबाजूच्या नगरपालिकांतल्या नव्या सदस्यांचं प्रशिक्षण पनवेललाच व्हायचं. पनवेलची महानगरपालिका व्हायला तेव्हा अजून बरीच वर्षं होती. एसटी स्टँडच्या मागे एक लग्नाचा हॉल होता, तिथे ओळीने तीन शनिवार वर्ग भरायचा. प्रत्येकाला एक फाइल, एक पेन आणि दुपारी पुरी-भाजी मिळायची. सकाळी मोठे अधिकारी येऊन कायदा सांगायचे. जेवणानंतरचा तास माझा, 'सभेचे कामकाज'. पुरी-भाजी खाऊन माणसं पेंगायला लागतात, म्हणून मी हसवायचो. हसवणं मला जमायचं. खरं तर तेवढंच जमायचं.

त्या वर्षीच्या वर्गात आमच्याच नगरपालिकेतली एक नवी नगरसेविका होती. कोळीण, पन्नाशीच्या आसपासची, अंबाड्यात अबोलीची वेणी. शाळा चौथीपर्यंत झालेली. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा मच्छी बाजारातल्या बायकांनी तिला उभं केलं. पाट्या खाली ठेवून त्या तिच्यासाठी घरोघर फिरल्या होत्या. बाजाराच्या दारातच तिची जागा होती. तिथल्या जागा सासूकडून सुनेकडे जातात. त्याला कागद नसतो, बाकीच्या बायकांचा शब्द असतो. तिला ती जागा सासूकडून मिळाली होती आणि पुढे ती तिच्या सुनेला जाणार होती.

पहिल्या शनिवारी तास संपल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. फळ्यावर लिहिलेलं तिला भरभर उतरवता येत नव्हतं. मोठ्या अक्षरात लिहून द्या, मी घरी गिरवते, म्हणाली. मला बरं वाटलं. माझं अक्षर गिरवायला मागणारी ती पहिलीच. मी तिला लिहून दिलं, 'अध्यक्ष महोदय'. पुढच्या शनिवारी लिहून दिलं, 'माझा या विषयास विरोध आहे'. शेवटच्या शनिवारी, 'माझे म्हणणे नोंदवून घ्यावे'. दर वेळी ती आधीची पानं दाखवायची. एकेक ओळ पानभर गिरवलेली असायची आणि कागद पेनाने दाबून दाबून मागे उठलेला असायचा.

त्याच शेवटच्या शनिवारी मी विषय क्रमांक एक समजावला. प्रत्येक सभेचा पहिला विषय म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. मागे जे लिहिलं गेलं ते बरोबर आहे असं सभेने हात वर करून सांगायचं, की ते पक्कं झालं. हा विषय सांगताना माझा एक ठरलेला विनोद असे. "यात काही नसतं. हात वर करायचा आणि चहाची वाट बघायची." हॉल हसला. तेवढ्यात ती उभी राहिली.

"पन सर, आपल्या नावाव काय लिवलंय, ते आपन वाचाचं कवा?"

मी म्हणालो, ताई, ते वाचायचा आम्ही पगार घेतो, तुम्ही आपली लोकांची कामं करा. हॉल आणखी जोरात हसला. तीही तोंडाला पदर लावून हसली आणि खाली बसली. इतका सरळ प्रश्न मला आख्ख्या नोकरीत कोणी विचारला नव्हता, आणि मी त्याच्यावर टाळी घेतली.

चार-पाच महिन्यांनी सभेत विषय आला तो मच्छी बाजाराचा. रस्ता रुंद करायचा, म्हणून बाजार उठवून नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्यायचा. नगराध्यक्षांनी विषय वाचला, पुढच्या रांगेने मंजूर म्हटलं. ती बसल्या जागेवरून बोलली, तिकडे मच्छी घ्यायला कोण येणार, आम्ही उठणार नाही. 'अध्यक्ष महोदय' नाही, उभं राहणं नाही, गिरवलेल्या तीन ओळींपैकी एकही नाही. घाबरली असेल किंवा चिडली असेल. नगराध्यक्ष बघू बघू म्हणाले आणि पुढच्या विषयावर गेले. माझं पेन हललं नाही. सदस्याने उभं राहून अध्यक्षांना उद्देशून बोललं तरच ते बोलणं, असं मीच वर्गात शिकवत होतो. बसून बोलली ती माझ्या लेखी बाजारातली कुरकुर होती.

पुढच्या रविवारी मी पनवेलला घरी जेवणाच्या टेबलावर इतिवृत्त लिहायला बसलो. पलीकडे बायको कोलंबी सोलत होती. बाजाराच्या ठरावापर्यंत आलो आणि नावांची वही उघडली. सगळ्या जुन्या-नव्या सदस्यांपुढे एक-दोन खुणा होत्या. तिच्यापुढचे दोन्ही रकाने कोरे. बिचारीचा अजून नंबर लागला नाही, असं माझ्या मनात आलं. ती सभेत काय म्हणाली ते मला आठवलंच नव्हतं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. आठवलं होतं. पण तिचा रकाना कोरा होता आणि वहीप्रमाणे तिचीच वेळ होती. 'सर्वानुमते मंजूर', आणि खाली अनुमोदक म्हणून तिचं पूर्ण नाव लिहिलं, नवीन नाव म्हणून जरा सावकाश आणि सुबक. मग लाल खूण केली. कोणावर तरी उपकार केल्यासारखं मला वाटलं आणि मी जेवायला बसलो.

पुढच्या सभेत विषय क्रमांक एक आला. मी इतिवृत्त वाचलं नाही, कधीच वाचत नसे. 'वाचले असे समजण्यात यावे' असं नगराध्यक्ष म्हणायचे. बाकी सगळ्यांनी हात वर केले. तिने माझ्याकडे बघितलं, शिकवल्याप्रमाणे बरोबर करतेय ना अशा नजरेने. मी मान हलवली. तिने हात वर केला.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दारावर नोटीस लागली आणि नोटिशीला ठरावाची झेरॉक्स जोडलेली होती. कोणीतरी ती मोठ्याने वाचली. हे मला ऑफिसात कळलं. बायका तिच्याशी भांडल्या नाहीत, असंही कळलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, दोन दिवसांत मिटलं असतं. त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. बर्फ मागितला तर संपला म्हणायच्या. ती सांगत होती की मी असं म्हटलंच नाही. बायका त्या कागदाकडे बोट दाखवत होत्या. दोन महिन्यांनी बाजार शेडमध्ये गेला, तेव्हा बायकांनी आपसात जागा वाटून घेतल्या आणि तिच्यासाठी जागा ठेवली नाही.

ती ऑफिसात न येता एका रविवारी माझ्या घरी आली. पत्ता विचारत विचारत आली होती. ती झेरॉक्स तिने टेबलावर ठेवली, ज्या टेबलावर मूळ ठराव लिहिला गेला होता त्याच.

"सर, ह्ये कोनी लिवलं?"

'मी' एवढा एकच शब्द पुरे होता. मी म्हणालो, "नावं वरून येतात, ताई. आम्ही फक्त उतरवतो."

तिने विचारलं, खोडता येईल का. मी तिला नियम सांगितला. इतिवृत्त एकदा कायम झालं की त्यात बदल करता येत नाही. आणि नियम सांगून गप्प बसलो नाही. पुढे म्हणालो की ते कायम करताना तुम्ही स्वतः हात वर केला होता. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही वाक्याची मला याच्याइतकी लाज वाटत नाही. बायकोने चहा आणून ठेवला. तिने तो घेतला नाही. मग म्हणाली की खोडता येत नसेल तर राहू दे, पण तुम्ही एकदा शेडमध्ये या.

"बायांना येवढंच सांगा, ही असं बोलली नव्हती. तुमी व्हता तिथं."

मी शनिवारी येतो म्हणालो. शनिवारी मला ताप आला नाही, घरी पाहुणे आले नाहीत, एसटीचा संप नव्हता. मी घरी बसून पेपर वाचला. पेन्शनला पाचच वर्षं उरली होती. चौकशी लागली तर निघायच्या वेळेला शिंतोडे नकोत, असं मी स्वतःला सांगितलं. कोणाच्याही चौकशीची गरज नव्हती, नुसतं तोंडी सांगायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

उरलेला काळ ती सभेला येत राहिली. सही करायची, मागच्या रांगेत बसायची, उठून जायची. एक शब्द बोलली नाही. मी नावांची वही बंद केली नाही, फक्त तिच्यापुढे पुन्हा खूण केली नाही. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही, आणि मी सुटल्यासारखा श्वास घेतला.

मी निवृत्त झालो. काही वर्षांनी पनवेलची महानगरपालिका झाली, बेलपाड्यासारखी गावंही शहरात आली, आणि प्रशिक्षणाच्या वर्गांना मला अनुभवी माणूस म्हणून बोलवू लागले. शाल, नारळ, समोर नवे चेहरे. आता हॉलला एसी होता, फळ्याच्या जागी पडदा होता. विषय क्रमांक एक आला आणि मी तोच विनोद केला. तोंडातून आपोआप आला. लोक हसले.

त्याच सुमारास बायकोला एक नवी मासेवाली सापडली. उरण नाक्यापासून जरा आत, रस्त्याच्या कडेला बसते, पहाटे उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून माल उचलून आणते, ताजा असतो, वगैरे. एक दिवस बायको म्हणाली, ती तुम्हाला ओळखते, तुम्ही तिला शिकवलंय म्हणे. दर वेळी वर एक जास्तीचा बोंबील टाकते आणि सरांना द्या म्हणते. ती दिसते कशी, असं मी विचारलं. बायकोने अबोलीची वेणी सांगितली.

त्या दिवसापासून मी तो रस्ता सोडला. दूध आणायलाही लांबच्या गल्लीतून वळसा घालून जाऊ लागलो. मासे मात्र खात होतो. जास्तीचा बोंबील ताटात वेगळा ओळखू यायचा नाही, पण तो त्यात आहे हे मला माहीत असायचं. अशी दोनेक वर्षं गेली. माझ्या कोडगेपणाचं मोजमाप करायचं तर तेवढ्या बोंबलांवरून करता येईल.

मग एके दिवशी बायको पिशवी रिकामी करता करता सहज म्हणाली, "आज विचारत होती, सरांचं अक्षर अजून तसंच आहे का."

मी रात्रभर जागा होतो वगैरे काही नाही, झोप लागली. सकाळी उठलो, चपला घातल्या आणि सरळ रस्त्याने गेलो. ती पाटीमागे बसून एका बाईला सुरमई कापून देत होती. केस पांढरे झाले होते. बाई गेल्यावर मी खाली वाकलो, कारण उभं राहून बोलायची माझी हिंमत नव्हती.

"ताई, ते नाव मी लिहिलं होतं."

तिचा हात थांबला नाही. कोयत्यावरचे खवले पुसत म्हणाली, म्हाईत हाय. नोटीस लागली त्याच दिवशी तिने ओळखलं होतं. सहा महिने ती माझंच अक्षर गिरवत होती. दुसऱ्या कोणाचं तिला वाचताही येत नव्हतं. मग घरी येऊन का विचारलंत, असं मी म्हणालो, आणि विचारताक्षणी मला उत्तर कळलं.

"तुमी बोलता का, बगाचं व्हतं."

जास्तीच्या माशांचं विचारायचं धाडसही झालं नाही, पण तिने आपणहून सांगितलं. आठवण राहावी म्हणून टाकत होते, म्हणाली, कधीतरी याल. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मना सांगून काय? मना त म्हाईतच व्हतं. तुमी त्या बायांना सांगाचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी इतक्या वर्षांनी सकाळची गाडी धरली. नाल्यापलीकडची शेड गंजली होती. निम्म्या बायका नव्या होत्या, त्यांना हे प्रकरणच ठाऊक नव्हतं. जुन्यांपैकी पाच-सहा उरल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात म्हातारीपाशी जाऊन मी सांगितलं की त्या दिवशी ती विरोधात बोलली होती, आणि तिचं नाव मी माझ्या मनाने घातलं होतं. आजूबाजूचे कोयते थांबले. म्हातारीने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, मोठ्याने, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. मी सांगितलं.

"लिवून दे," ती म्हणाली.

मी खिशातल्या डायरीचं पान फाडून लिहिलं. खाली सही केली आणि पूर्ण नाव लिहिलं. एका सुनेने ते वाचून दाखवलं. म्हातारीने कागद घडी घालून कनवटीला खोचला आणि म्हणाली, "ती तवा बोंबलून सांगत व्हती, मी नाय बोलले. आमी मानलं नाय. कागदाव व्हतं ना." थोड्या वेळाने, मी निघताना, हेही म्हणाली की शेडच्या दारातली जागा तेव्हाच दुसरीला दिली, आता त्या दुसरीची सून तिथे बसते. तिला कसं उठवायचं? एवढं बोलून ती पुन्हा कोयत्याकडे वळली.

परत पनवेलला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. ती पाटी आवरत होती. बाजूला तिची सून बसली होती, रस्त्याच्या कडेला, फाटक्या छत्रीखाली. मी जे झालं ते सांगितलं. जागेचंही सांगितलं. तिने फक्त एकच विचारलं, सगळ्यांसमोर वाचलं का. मी हो म्हणालो.

तिने मान हलवली. मग उरलेले बोंबील मी घेतो म्हणालो. तिने ते मोजले, पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. वर एकही टाकला नाही.